लहान फौंड्रीच्या मालकाने कृत्रिम बुद्धिमत्ता कशी आणावी

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीत महिन्याला दोनशे टन कास्टिंग (साच्यात धातू ओतून केलेले भाग) काढणाऱ्या एखाद्या फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, मालकाकडे सध्या दोन प्रकारचे पाहुणे येतात. पहिले संगणकप्रणाली विकणारे असतात आणि कॅमेरा बसवल्यापासून तीन महिन्यांत रिजेक्शन (सदोष म्हणून नाकारला जाणारा माल) निम्म्यावर येईल असे सांगतात. दुसरे त्याच धंद्यातले, बहुधा वडिलांच्या पिढीतले स्नेही असतात आणि वाळूच्या धंद्यात संगणक काय करणार, असे म्हणून चहा संपवतात. दोघांचेही ऐकून घ्यावे, पण निर्णय त्यांच्यावर सोपवू नये, कारण दोघांपैकी कोणीही तुमची गेल्या महिन्याची रिजेक्शनची वही उघडून पाहिलेली नसते. पुढील मार्गदर्शन अशा मालकासाठी आहे, ज्याच्याकडे साठ-सत्तर कामगार, विजेवर धातू वितळवणाऱ्या एक-दोन इंडक्शन भट्ट्या आणि धातूतले रासायनिक घटक मोजणारा एक स्पेक्ट्रोमीटर आहे, आणि संगणकशास्त्र शिकलेला एकही माणूस नाही. मशीनशॉप, पंप किंवा व्हॉल्व्हच्या कारखान्यांनाही त्यातले बरेचसे लागू पडेल. उदाहरणे मात्र मी मुद्दाम फौंड्रीचीच घेतली आहेत. सर्व उद्योगांना लागू पडेल असा सल्ला ऐकायला बरा वाटतो, सोमवारी सकाळी शिफ्ट सुरू झाल्यावर त्याचे काय करायचे ते कळत नाही.

दुखणे कुठे आहे ते आधी ठरवा

पहिल्या आठवड्यात कोणतीही प्रणाली पाहू नका. मागच्या सहा महिन्यांचे आकडे काढा आणि पैसा नेमका कुठे गळतो ते स्वतः बसून मोजा. समजा, महिन्याला दोनशे टन माल निघतो आणि त्यातला सहा टक्के नाकारला जातो, म्हणजे बारा टन. नाकारलेले कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते, त्यामुळे धातू वाया जात नाही, असे आपण मनाचे समाधान करून घेतो. परंतु कास्ट आयर्न वितळवायला इंडक्शन भट्टीत टनाला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. टनाला सहाशे धरले तरी बारा टनांची नुसती वितळवण्याची वीज ७,२०० युनिट होते, आणि रनर-रायझरमध्ये (साच्यातल्या धातूच्या वाटा आणि पूरक साठे) ओतलेला धातू त्यात धरलेला नाही. त्यावर कोअर (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा), बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती), मोल्डरची म्हणजे साचे करणाऱ्याची मजुरी, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई), आणि सर्वांत महाग म्हणजे ग्राहकाच्या मशीनवर फिरून परत आलेल्या कास्टिंगचा मशीनिंग खर्च आणि गेलेला विश्वास. हा हिशेब भागनिहाय मांडला की बहुतेक ठिकाणी असे दिसते की, निम्म्याहून अधिक नुकसान चार-पाच पॅटर्नमधूनच (पॅटर्न म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना) होत असते.

असा हिशेब समोर आला की अडचणींचे तीन गट करावेत. काही अडचणींना कृत्रिम बुद्धिमत्ता लागतच नाही. वीजदर दिवसाच्या वेळेनुसार बदलतो, तेव्हा कोणत्या तासांत भट्टी चालवावी आणि कोणत्या तासांत वाळू, कोअर आणि फेटलिंगची कामे उरकावीत, हे साध्या एक्सेलच्या तक्त्यावर ठरते. त्यासाठी कोणी लाखाची प्रणाली विकत असेल तर त्याला नम्रपणे नाही म्हणावे. काही अडचणी भौतिकशास्त्राच्या असतात. जाड-पातळ भागांच्या सांध्यावर प्रत्येक वेळी श्रिंकेज (धातू गोठताना आक्रसून पडणारी पोकळी) येत असेल तर रायझर आणि गेटिंग (धातू साच्यात नेणारी वाट) चुकले आहे, आणि तिथे साच्यात धातू कसा भरतो व गोठतो हे दाखवणारे सिम्युलेशन अधिक उपयोगी पडते. आयआयटी मुंबईत विकसित झालेले ऑटोकास्ट हे त्याचे घरचे उदाहरण आहे. माझ्या मते अनेक लहान फौंड्रींनी कॅमेऱ्याआधी सिम्युलेशन घ्यायला हवे होते.

उरतो तो तिसरा गट. सकाळी माल चांगला येतो, दुपारनंतर ब्लो होल (वायूमुळे पडणारी छिद्रे) वाढतात. एकाच पॅटर्नवर एका आठवड्यात दोन टक्के रिजेक्शन आणि पुढच्या आठवड्यात नऊ. वाळूतला ओलावा, बेंटोनाइट, परत आलेल्या वाळूचे तापमान, हवेतली आर्द्रता, पोअरिंग तापमान, लॅडल (वितळलेला धातू नेण्याचे भांडे) भरल्यापासून ओतेपर्यंत गेलेला वेळ, अशा पंधरा-वीस गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि एकट्या माणसाला त्या सगळ्या एकदम डोक्यात धरता येत नाहीत. यंत्रशिक्षणाची, म्हणजे संगणकाने नोंदींवरून स्वतः नियम शोधण्याची, खरी जागा इथे आहे. या गटातला एकच पॅटर्न आणि एकच दोष निवडावा. दोन निवडण्याचा मोह होईल, तो टाळावा.

वही दुरुस्त करा

बहुतेक कारखान्यांत प्रकल्प इथेच अडतो, म्हणून या टप्प्याला पुरेसा वेळ द्यावा. नोंदी आपल्याकडे असतातच, पण वेगवेगळ्या वह्यांत. वाळूच्या चाचण्या प्रयोगशाळेच्या वहीत, भट्टीचे तापमान मेल्टरच्या वहीत, रासायनिक घटक स्पेक्ट्रोमीटरच्या संगणकात, आणि रिजेक्शन तपासनिसाच्या कागदावर. या चार नोंदी जोडणारा धागा बहुधा नसतो, कारण कास्टिंग फेटलिंगला जाईपर्यंत ते कोणत्या हीटचे, म्हणजे भट्टीच्या कोणत्या खेपेचे, आहे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिली गुंतवणूक हीट क्रमांकाची करावी. पॅटर्नमध्ये बदलता येणारी आकडी पट्टी बसवून तारीख आणि हीट कास्टिंगवरच उमटेल अशी सोय करावी, किंवा निदान निवडलेल्या पॅटर्नपुरते तरी, शेकआउटनंतर (साचा फोडून कास्टिंग काढल्यावर) पिवळ्या रंगाने क्रमांक टाकून शॉट ब्लास्टिंगनंतर (बारीक गोळ्यांच्या माऱ्याने साफ केल्यावर) तो पुन्हा टाकण्याची शिस्त लावावी. खर्च किरकोळ आहे, कष्ट मात्र रोजचे आहेत.

त्यानंतर एक हीट म्हणजे एक ओळ, असा एकच तक्ता सुरू करावा. त्यात हीट क्रमांक, तारीख, शिफ्ट, कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस, भट्टीतून काढतानाचे आणि शेवटचा साचा ओततानाचे तापमान, इनॉक्युलंट (धातूची घडण सुधारणारे मिश्रण) किती टाकले, वाळूचा ओलावा, कॉम्पॅक्टिबिलिटी (ती किती दबते), ग्रीन कॉम्प्रेशन स्ट्रेंथ (ओलसर वाळूची ताकद), पर्मिएबिलिटी (तिच्यातून वायू किती जातो), कोअर कोणत्या दिवशीचे, आणि शेवटी किती कास्टिंग ओतली व कोणत्या दोषाची किती नाकारली, एवढे यावे. दोषांची नावे सर्वांनी एकच वापरावीत. एक तपासनीस ज्याला ब्लो होल म्हणतो त्याला दुसरा पिनहोल म्हणत असेल आणि तिसरा नुसते ‘होल’ लिहीत असेल, तर जगातले कोणतेही गणित त्या नोंदींतून काही शोधू शकणार नाही. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक दोषाचा एक खरा तुकडा कापून, नाव लिहून, तपासणीच्या टेबलामागे फळीवर लावून ठेवावा.

पाचशे किलोच्या भट्टीवर रोज वीस-पंचवीस हीट निघत असतील तर सहा महिन्यांत तीन हजारांहून अधिक ओळी जमतात, आणि पहिल्या अभ्यासाला तेवढ्या पुष्कळ होतात. त्यात एक पावसाळा यावा असे मात्र पाहावे. कोल्हापूरच्या जुलैतली हवा आणि मार्चमधली हवा वाळूशी सारखी वागत नाही, आणि उन्हाळ्यातल्या नोंदींवर शिकलेली प्रणाली पावसाळ्यात आत्मविश्वासाने चुकते.

या सहा महिन्यांत विक्रेत्याला एक रुपयाही द्यायचा नसतो, आणि तरीही अनेकदा रिजेक्शन थोडे उतरते. कारण उघड आहे. आपण ओतताना तापमान मोजले जाते हे मेल्टरला ठाऊक असले की तो थंड धातू ओतत नाही. हा लाभ पुढे प्रणालीच्या खात्यावर जमा होऊ नये म्हणून नोंदी सुरू होण्याआधीचा, नोंदी सुरू झाल्यानंतरचा आणि प्रणाली आल्यानंतरचा, असे तीन आकडे वेगळे ठेवावेत.

वाळू मुठीत दाबून पाहणारा माणूस

प्रत्येक जुन्या फौंड्रीत एक माणूस असा असतो, जो मुलरमधून (वाळू मळणाऱ्या यंत्रातून) निघालेली वाळू मुठीत दाबतो, मूठ उघडून बोटांचे ठसे पाहतो, ढेकूळ मोडतो आणि ‘अजून पाणी हवे’ किंवा ‘आज नको ओतू’ असे सांगतो. त्याचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर ठरते. नवी प्रणाली आली की त्याला पहिली भीती ही वाटते की आता आपली गरज उरणार नाही, आणि ही भीती निराधार आहे असे तुम्ही नुसते सांगून भागणार नाही. तक्त्यात त्याच्या निर्णयाचा एक रकाना ठेवा. प्रत्येक हीटआधी त्याने वाळूला ‘चांगली’, ‘चालेल’ किंवा ‘नको’ असे म्हणावे आणि ते जसेच्या तसे नोंदवले जावे. यातून दोन गोष्टी साधतात. त्याचे ज्ञान पहिल्यांदाच कागदावर येते आणि प्रणालीला उपकरणांत न दिसणारी माहिती मिळते. सहा महिन्यांनी प्रणाली आणि तो माणूस यांचे निर्णय शेजारी ठेवून पाहावेत. दोघांचे जिथे जमत नाही त्या हीट सर्वांत शिकवणाऱ्या असतात.

मजुरीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. अनेक फौंड्रींत मोल्डिंग उक्ते दिलेले असते आणि काही ठिकाणी नाकारलेल्या मालाचे पैसे कापले जातात. तिथे कॅमेरा किंवा हीटनिहाय नोंद बसवली की कामगाराच्या दृष्टीने ती कपातीची सोय ठरते, आणि मग नोंदी बिघडायला वेळ लागत नाही. कास्टिंगवरचा क्रमांक पुसट होतो, तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची टोके ‘संपलेली’ असतात, ओलाव्याचे आकडे रोज सारखेच येतात. ओलावा आठवडाभर दशांशापर्यंत तोच येत असेल तर यंत्राला दोष देऊ नका, कोणीतरी घरी बसून वही भरली आहे. यासाठी मालकाने काम सुरू होण्याआधी, लेखी आणि फलकावर लावून, असे जाहीर करावे की पहिले वर्षभर या नोंदींवरून कोणाचीही मजुरी कापली जाणार नाही आणि कोणालाही काढले जाणार नाही. आणि रिजेक्शन उतरल्यास बचतीचा ठरावीक हिस्सा त्या विभागाला वाटला जाईल. हिस्सा किती तो ज्याचा त्याने ठरवावा, पण पहिला हप्ता दिवाळीची वाट न पाहता तीन महिन्यांत द्यावा. ज्यांना मराठी लिहिणे-वाचणे जमत नाही असे परप्रांतीय कामगार असतील तर हीच घोषणा हिंदीतून वाचून दाखवावी.

दूरदृष्टीचे नेतृत्व या शब्दांना आपल्याकडे भाषणांमुळे जरा सूज आली आहे. याच परिसरातले एक उदाहरण पाहिले तर त्याचा अर्थ स्पष्ट होतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, पण लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे गेली. किर्लोस्करवाडी वसली ती त्यानंतर, १९१० मध्ये, औंधच्या संस्थानिकांच्या साहाय्याने. या कथेत मला नांगराच्या आराखड्यापेक्षा ती दोन वर्षे महत्त्वाची वाटतात. शेतकरी अडाणी आहेत असे म्हणून तो माणूस दुसरा धंदा बघू शकला असता. तुमच्या कारखान्यात शेतकऱ्याच्या जागी मोल्डर, मेल्टर आणि तपासनीस आहेत. त्यांच्या शंकेला उत्तर देण्यासाठी मालकाने रोज अर्धा तास शेकआउटजवळ उभे राहणे हा या सगळ्या योजनेतला सर्वांत महाग आणि न टाळता येण्यासारखा खर्च आहे. मुलगा पुण्याहून अभियांत्रिकी शिकून आला आहे, तो बघेल, असे म्हणून हे काम त्याच्याकडे लोटू नये. त्याने तक्ता सांभाळावा. शब्द मात्र मालकाचाच लागतो.

विक्रेत्याची चाचणी कशी घ्यावी

आता प्रणाली पाहायला हरकत नाही. ‘आमची अचूकता पंच्याण्णव टक्के आहे’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल. त्याचा अर्थ समजून घेण्यासाठी एक साधा हिशेब करावा. हजार कास्टिंग आहेत आणि त्यांत पन्नास सदोष आहेत. एखाद्या प्रणालीने डोळे मिटून सगळीच कास्टिंग ‘चांगली’ ठरवली तरी तिची अचूकता पंच्याण्णव टक्के भरते, आणि तिने एकही दोष पकडलेला नसतो. दुसऱ्या प्रणालीने पन्नासपैकी चाळीस सदोष पकडली, पण साठ चांगली कास्टिंगही बाजूला काढली. तिचे बरोबर उत्तर चाळीस आणि आठशे नव्वद, मिळून नऊशे तीस, म्हणजे अचूकता त्र्याण्णव टक्के. आकड्याने ती मागे पडते, पण कारखान्याला तीच हवी. शंभर नग पुन्हा तपासायला एक माणूस लागेल आणि ग्राहकाकडे पन्नासऐवजी दहाच दोष जातील. म्हणून विक्रेत्याला अचूकता न विचारता तीन गोष्टी विचाराव्यात: सदोषपैकी किती पकडले, चांगल्यांपैकी किती उगाच अडवले, आणि हा आकडा कोणाच्या कास्टिंगवरचा आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘तुमच्या’ असे नसेल तर पहिल्या दोन उत्तरांना फारशी किंमत नाही.

चाचणीसाठी दोनशे-तीनशे कास्टिंग आपण निवडावीत, त्यांतील दोष आधीच नोंदवून लिफाफ्यात बंद करावेत आणि विक्रेत्याला न सांगता ती प्रणालीसमोरून जाऊ द्यावीत. त्यांत थोडी गंजलेली, थोडी शॉट ब्लास्टिंग अर्धवट झालेली आणि थोडी रात्रपाळीच्या उजेडातली असावीत. कॅमेऱ्याला पृष्ठभागावरचेच दिसते, हेही ध्यानात ठेवावे. कोल्ड शट (धातूचे दोन प्रवाह न जुळल्याची रेघ), मिसरन (साचा अपुरा भरणे), वर आलेली वाळू तो पकडेल, पण कातडीखालचे ब्लो होल किंवा आतले श्रिंकेज मशीनिंगला किंवा रेडिओग्राफीतच (क्ष-किरण तपासणी) उघडे पडते. तुमचे मुख्य दुखणे आतले असेल तर कॅमेरा कितीही चांगला असला तरी तो चुकीच्या ठिकाणी बसवलेला असेल.

चाचणीत उत्तीर्ण झालेली प्रणालीसुद्धा पहिले तीन महिने नुसती बघ्याची भूमिका करील, निर्णय माणूसच घेईल, अशी व्यवस्था करावी. तिचे मत नोंदवावे आणि आठवड्यातून एकदा, शनिवारी शिफ्ट सुटल्यावर, तपासनीस, मेल्टर आणि मालक यांनी तिच्या चुका टेबलावर मांडून पाहाव्यात.

पत्रे, कोटेशन आणि अहवाल

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून भाषेच्या कामासाठी असलेली साधने स्वस्त झाली आहेत आणि लहान कारखान्याला त्यांचा उपयोग पहिल्याच आठवड्यात होऊ शकतो. परदेशी ग्राहकाच्या लांबलचक ईमेलचा मराठीत सारांश काढणे, तक्रारीवरच्या आठ टप्प्यांच्या अहवालाचा इंग्रजी मसुदा करणे, कामाच्या सूचना मराठी आणि हिंदीत तयार करणे, ही कामे मालकाच्या रात्री खात होती. आता तो वेळ वाचतो. फोरमनने शिफ्ट संपल्यावर कार्यालयात बसून दिवसभरातल्या अडचणी मराठीत बोलाव्यात आणि त्याचा मजकूर तयार व्हावा, हेही शक्य आहे. केंद्र सरकारचा भाषिणी हा उपक्रम २०२२ पासून भारतीय भाषांच्या अशाच कामांसाठी चालू आहे. भट्टीशेजारच्या गोंगाटात मात्र हा प्रयोग करू नये, तिथे माणसालाही माणसाचे ऐकू येत नाही.

या साधनांची मुख्य खोड अशी की, त्यांना ठाऊक नसलेले उत्तरही ती त्याच ठाम सुरात देतात. एखाद्या ग्रेडची तन्यशक्ती, मानकाचा क्रमांक, सहनमर्यादा किंवा दर, असा कोणताही आकडा मूळ मानकाशी किंवा आपल्या किंमतपत्रकाशी ताडून पाहिल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नये. चुकले तर साधनाकडे बोट दाखवता येत नाही. कॅनडात एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने एका प्रवाशाला शोकप्रसंगीच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. चॅटबॉट आपल्या उत्तरांना स्वतःच जबाबदार आहे, असा युक्तिवाद कंपनीने करून पाहिला, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने तो फेटाळून प्रवाशाला भरपाई देण्यास सांगितले. आपल्या कोटेशनखाली आपलाच शिक्का असतो.

ग्राहकाचे ड्रॉइंग हा दुसरा धोका. गोपनीयतेचा करार करून मिळालेले ड्रॉइंग कार्यालयातल्या मुलाने ‘जरा विचारून बघू’ म्हणून मोफत साधनात टाकले, तर करार तिथेच मोडतो. कोणती माहिती कुठे टाकायची नाही याची एक पानी यादी मराठीत करून प्रत्येक संगणकाशेजारी चिकटवावी: ड्रॉइंग, ग्राहकाचे नाव आणि दर, कामगारांचे आधार क्रमांक व बँक तपशील. शेवटच्या बाबतीत २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. हजेरीसाठी चेहरा ओळखणारे यंत्र बसवणाऱ्या मालकांनी ते आपल्या सल्लागाराकडून समजून घ्यावेत.

करार आणि पैसा

करारात चार गोष्टी हव्यात. नोंदी आणि चित्रे यांची मालकी कारखान्याची राहील. त्या कधीही साध्या एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात परत मिळतील. विक्रेता त्या दुसऱ्या फौंड्रीसाठी लेखी परवानगीशिवाय वापरणार नाही. आणि नवा पॅटर्न आला की प्रणालीला तो शिकवण्याचा खर्च किती, हे आजच ठरेल. चौथे कलम लोक विसरतात आणि दुसऱ्या वर्षी पस्तावतात, कारण जॉबवर्क करणाऱ्या फौंड्रीत पॅटर्न सतत बदलत असतात. केंद्र सरकारच्या इंडियाएआय मिशनला मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि त्यातून सवलतीत संगणनशक्ती मिळते, ही बातमी वाचून हुरळून जाऊ नये. तीन हजार ओळींच्या तक्त्याला कार्यालयातला संगणक पुरतो. कर्ज काढायचेच असेल तर स्पेक्ट्रोमीटर, वाळूचालणी किंवा ओलावा मोजणारे ऑनलाइन उपकरण यांसाठी काढावे. ही साधने प्रणाली बदलली तरी कारखान्यातच राहतात.

मांडणी कधी बदलायची

एका दोषावर, एका पॅटर्नवर गुण आला की पुढचा विचार सुरू होतो, आणि उद्योजकाची खरी परीक्षा इथे असते. विजेच्या इतिहासात याला एक नेमका दाखला आहे. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले, पण कारखान्यांतली उत्पादकता लक्षणीय वाढायला १९२० चे दशक उजाडले. मधली अनेक वर्षे कारखानदारांनी वाफेचे इंजिन काढून त्याच जागी एक मोठी मोटर बसवली होती. छताखालची लाइन शाफ्ट (पट्ट्यांनी सगळी यंत्रे फिरवणारा एकच लांब दांडा), पट्टे आणि त्यांच्या सोयीने दाटीवाटीने मांडलेली यंत्रे तशीच होती. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आली, यंत्रे कामाच्या ओघाप्रमाणे मांडता आली, तेव्हा कुठे विजेचा लाभ दिसला. आपल्याकडच्या जुन्या वर्कशॉपांतही ऑइल इंजिनावर फिरणारी लाइन शाफ्ट होती. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना हा दाखला समजावून सांगावा लागणार नाही.

तपासणीच्या टेबलावर कॅमेरा बसवणे म्हणजे वाफेच्या इंजिनाजागी मोटर बसवणे होय. त्याने दोष पकडला जातो, पण तो तयार होऊन गेल्यावर. लाइन शाफ्ट काढायची तर तपासणीतली माहिती तासाभरात मुलरपर्यंत पोचली पाहिजे, आणि ‘ही वाळू ओतू नका’ असे सांगण्याचा अधिकार वाळूवाल्या माणसाकडे, उत्पादनाचे उद्दिष्ट चुकले तरी, असला पाहिजे. हा अधिकार देणे मालकाला जड जाते. डिस्पॅचची गाडी दारात उभी असताना भट्टी अडवणारा कामगार कोणालाच आवडत नाही. पण तो अधिकार दिला नाही तर सगळी प्रणाली नुसती अधिक बारकाईने लिहिलेली रिजेक्शनची वही होऊन बसते.

मांडणी बदलली की धंदाही बदलू शकतो. प्रत्येक कास्टिंगची हीट, रासायनिक घटक, तापमान आणि वाळूची स्थिती हाताशी असेल तर मालासोबत ती माहितीही देता येते. ट्रॅक्टर, पंप किंवा व्हॉल्व्ह बनवणाऱ्या ग्राहकाला एखादा नग फुटला की त्याच हीटचे बाकीचे नग कुठे गेले हे शोधायचे असते, आणि ते दहा मिनिटांत सांगणारा पुरवठादार त्याला किलोमागे रुपया-दोन रुपये जास्त देऊनही परवडतो. लहान संख्येच्या, अवघड कास्टिंगच्या ऑर्डरी घेता येतात, कारण पहिल्या लॉटमधला अंदाज आता बराच कमी चुकतो. हे सगळ्यांनाच जमेल असे नाही, आणि किलोच्या भावावरच धंदा चालवणाऱ्याने त्याच्या नादी लागूही नये.

तसा पहिला ग्राहक निवडताना सर्वांत मोठा निवडू नका. ज्याचा दर्जा विभागप्रमुख तुमच्या कारखान्यात वर्षातून दोनदा येतो आणि शेकआउटपर्यंत चालत जातो, असा निवडा. त्याच्याकडे जाताना सादरीकरण नेऊ नका. सहा महिन्यांचा तक्ता, त्यातल्या प्रणालीच्या आणि माणसाच्या चुकांसह, छापून न्या, आणि वाळूवाल्याला बरोबर घ्या. पहिले तीन प्रश्न तो प्रणालीबद्दल विचारील. चौथा तो वाळूबद्दल विचारील, आणि त्याचे उत्तर तुम्ही देऊ नका.